विरोध कागदावर यावा लागतो

निवडून आलेला नेता पसंत नसेल तर नागरिकाने पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसावे, अशी भारतीय राज्यघटनेची अपेक्षा नाही. अनुच्छेद १९ ने बोलण्याचे व लिहिण्याचे, शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचे आणि संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सत्तेवरच्या माणसाला विरोध करताना या तिन्ही स्वातंत्र्यांचा खरा कस लागतो. अधिकार पुरेसे आहेत. घोडे अडते ते पद्धतीपाशी. गावच्या पारावर, लोकलच्या डब्यात आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर नेत्यांवर रोज भरपूर टीका होते. तिच्यातली फार थोडी त्या नेत्यापर्यंत पोचते आणि त्याला निर्णय बदलायला लावणारी तर त्याहूनही थोडी. ज्या विरोधाने काही घडते तो बहुतेक वेळा लेखी असतो, त्यावर तारीख असते, तो योग्य कार्यालयात दाखल झालेला असतो आणि त्याखाली एकाहून अधिक सह्या असतात.

नाराजी नेमकी कशाबद्दल आहे, हे आधी ठरवावे लागते. धोरण पटत नाही, भाषा सहन होत नाही, निवडून आल्यावर पक्ष बदलला, मतदारसंघात तोंड दाखवले नाही, सरकारी पैसा खाल्ला, या पाच निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. धोरण न पटणारे पण कायद्यात बसणारे असेल, तर ते केवळ नावडते आहे म्हणून न्यायालय रद्द करत नाही. तिथे लोकांचे मत वळवणे, निवेदने, मोर्चा आणि मतदान हेच मार्ग उरतात, आणि तिथे संख्येला महत्त्व असते. कायदा मोडला गेला असेल तर गोष्ट बदलते. तिथे एकटा माणूसही पुरतो, पण त्याच्याकडे पुरावा हवा. या दोन वाटांची सरमिसळ झाली की दोन्ही फसतात. ‘हा माणूसच भ्रष्ट आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘या रस्त्याचे देयक काम पूर्ण होण्याआधी अदा झाले’ या वाक्यावर त्याला काहीतरी करावे लागते.

दुसरी पायरी पदाची. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर गावाचे व शहराचे कारभार स्वतंत्र संस्थांकडे गेले. तुंबलेल्या गटारासाठी आमदाराला धारेवर धरले जाते, तेव्हा त्या गटाराची निविदा मंजूर करणारी नगरपालिकेची स्थायी समिती निवांत राहते. खासदाराच्या स्थानिक विकास निधीची रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये असते. तो कामे सुचवतो. ती मंजूर करून पार पाडण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तो निर्णय कोणाच्या सहीने झाला, हे शोधणे हे निम्मे काम आहे.

ते शोधण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा कायदा केला, पण तो अंमलात यावा यासाठी अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत उपोषणाला बसावे लागले. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांच्या शुल्कावर कोणीही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो, कारण सांगावे लागत नाही आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. चूक करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडे अपिले रखडतात, हे खरे आहे. म्हणूनच पहिला अर्ज काटेकोर लिहिणे फार मोलाचे ठरते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या मर्यादेतला असावा लागतो. ‘रस्ता खराब का झाला?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर टाळता येते, कारण कायदा कागदपत्रे देतो, स्पष्टीकरणे देत नाही. त्याच रस्त्याचे अंदाजपत्रक, निविदेची कागदपत्रे, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि अदा केलेली देयके मागितली तर सगळे चित्र पाच-पंचवीस पानांत समोर येते. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, पण तो वापरणारे फार कमी. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फायली नागरिकांना पाहू देण्याचा पायंडा पाडला आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने तो जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक संस्थांसाठी सांगितला. तिथे अर्जाचीही वाट पाहावी लागत नाही.

गावात नागरिकाच्या हातात याहूनही थेट साधन आहे: ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. हजारो मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात, याचा अर्थ ठरवून आलेल्या शंभर जणांच्या हातात त्या दिवशीची सभा असते. सरपंचाच्या मर्जीतले वीसजण येतात, वहीवर सह्या होतात आणि सभा ‘झाली’ असे दाखवले जाते, ही अनेक गावांतली रीत आहे. तिच्यावर तोडगा म्हणजे हजर राहणे, विषयपत्रिकेत नसलेला विषय आधी लेखी देऊन ठेवणे, जमाखर्च वाचून दाखवायला लावणे आणि आपला आक्षेप इतिवृत्तात शब्दशः लिहून घेणे. गावात त्या वहीला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. तिच्यात नोंदलेला आक्षेप चौकशीच्या वेळी सगळ्यात जड पुरावा ठरतो. सभेत झालेला आरडाओरडा कोणाच्याच हाती लागत नाही. वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च आता ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावरही दिसतो, त्यामुळे सभेत सांगितलेला आकडा आणि तिथे नोंदलेला आकडा मोबाइलवरच ताडून पाहता येतो.

सरपंचाला पदावरून काढण्याचे मार्गही याच कायद्यात आहेत. एक अविश्वास ठरावाचा. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतक्या सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, मग तहसीलदारांनी विशेष सभा बोलवायची. सरपंच थेट लोकांमधून निवडलेला असेल तर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केल्यावरही काम संपत नाही. त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान घेऊन गावाची मोहोर उमटावी लागते. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागचा विचार योग्य आहे. निवडणुकीत हरलेल्या गटाने दुसऱ्याच महिन्यात खुर्ची ओढू नये आणि निवडून आलेल्याला कामाला वेळ मिळावा, हे गावाच्या हिताचे आहे.

दुसरा मार्ग अपात्रतेचा. सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण, ठरलेल्या मुदतीत न भरलेला ग्रामपंचायतीचा कर, ठेक्यात स्वतःचा हितसंबंध अशी कारणे कायद्यात नमूद आहेत आणि त्यावर निर्णय जिल्हाधिकारी देतात. कुटुंबातल्या व्यक्तीने अतिक्रमण केले असेल आणि सदस्य त्याच जागेत राहत असेल तरीही तो अपात्र ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. हा अर्ज गावातला कोणताही मतदार करू शकतो. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८, मोजणी नकाशा आणि जागेची छायाचित्रे, एवढा ऐवज पुरतो. मात्र गावकीची जुनी भांडणे उकरण्यासाठीही या तरतुदीचा सर्रास वापर होतो आणि तसल्या अर्जांनी खऱ्या तक्रारींचे वजन कमी होते.

आमदार किंवा खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय भारतात नाही. नगराध्यक्षांसाठी ती मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या पालिका कायद्यांत आहे. नगरसेवकांच्या तीन चतुर्थांश बहुमताने प्रस्ताव आला की थेट मतदारांचे मत घेतले जाते. मध्य प्रदेशात या मतदानाला दोन चिन्हे असतात, रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची. महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूदुकाने बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’वर शिक्के मारले, त्याच जातीची ही सरळ आणि निरक्षरालाही कळणारी पद्धत. छत्तीसगडमध्ये २००८ साली अशा मतदानातून काही नगराध्यक्षांना पद सोडावे लागले. ‘नोटा’ला मात्र लोक समजतात तेवढे बळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटण आले. विधानसभा व लोकसभेत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात दोन लाखांहून अधिक मते ‘नोटा’ला पडूनही निकालात फरक पडला नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होते. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: तिथे ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. एरवी ‘नोटा’ म्हणजे नोंदवलेली नाराजी आणि तिची किंमत तेवढीच.

मोठ्या पदावरच्या नेत्याला कागदाच्या बळावर कसे खाली उतरवता येते, याचे महाराष्ट्रातले सगळ्यात शिकण्यासारखे उदाहरण बॅ. ए. आर. अंतुले यांचे आहे. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. बांधकामाला सिमेंट हवे तर परवाना लागे आणि खुल्या बाजारात त्याला भरमसाट भाव मोजावा लागे. अंतुले यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा विश्वस्त निधी काढला. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंट यांचा संबंध त्यात मांडला गेला. इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्राची. पुढची दोन पावले महत्त्वाची आहेत. जनता पक्षाचे बाबूराव सामंत यांनी इतरांसह मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली, तर भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी न्यायालयात खासगी फिर्याद दाखल केली. दोघेही राजकारणातले होते, पण जे मार्ग त्यांनी वापरले ते राजकारणाबाहेरच्या माणसालाही खुले होते. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध मान्य करणारा निकाल दिला आणि अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

लेख ऑगस्टमध्ये, निकाल जानेवारीत. साडेचार महिन्यांत मुख्यमंत्री गेला, तो बहुमत न गमावता, कारण देणगीच्या पावत्या आणि सिमेंटवाटपाचे आदेश शेजारी शेजारी ठेवता आले. नायक यांच्या फिर्यादीतून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरवून दिली: भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात खासगी नागरिकही फिर्याद देऊ शकतो, कारण कायद्यात स्पष्ट बंदी नसेल तर फौजदारी यंत्रणेला कोणीही चालना देऊ शकतो. या विजयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खटला वर्षानुवर्षे वर-खाली फिरला, १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेश रद्द केला, अंतुले यांना शिक्षा झाली नाही आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौकशीआधी परवानगी लागते आणि पद सोडलेल्यांवर खटला भरण्यासाठीही मंजुरी घ्यावी लागते. नागरिकाची वाट त्यामुळे आज १९८१ पेक्षा अरुंद झाली आहे, आणि ही दुरुस्ती लोकहिताची झाली असे म्हणता येत नाही.

आरोप करणाऱ्याचे स्वतःचे दप्तरही स्वच्छ असावे लागते. हजारे यांच्या मागणीवरून मंत्र्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाने हजारे यांच्या संस्थांचे हिशेबही तपासले. २००५ च्या अहवालात मंत्र्यांवर ठपका आला, दोघांना पद सोडावे लागले आणि त्याच अहवालात हजारे यांच्या न्यासाच्या खर्चातील अनियमिततांवरही बोट ठेवले गेले. गावपातळीवर तर हे आणखी लवकर घडते. तक्रारदाराची थकलेली घरपट्टी किंवा वाढीव बांधकाम दुसऱ्याच दिवशी बाहेर निघते.

कागद एकट्याचा असू शकतो. रस्त्यावरचा विरोध संख्येवर आणि शिस्तीवर चालतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत रोष मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यावर केंद्रित झाला होता. २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चावर मुंबईत गोळीबार झाला. चळवळीत एकूण शंभराहून अधिक माणसे गेली. तरीही केवळ त्या रोषाने महाराष्ट्र मिळाला नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये परस्परविरोधी पक्षांची मोट बांधून संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ निघाला, अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने गावे जागी केली, आणि १९५७ च्या निवडणुकीत मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने काळ्या झेंड्यांची प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेत पार पाडली. गोळीबारानंतर दोन वर्षांनी एवढा संयम दाखवणे सोपे नव्हते. १ मे १९६० ला राज्य झाले, त्यात मतपेटीचा आणि या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

महागाईविरुद्ध १९७२ पासून मुंबईत निघालेले लाटणे मोर्चे हा आणखी एक नमुना. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांना एकत्र आणले आणि स्वयंपाकघरातली वस्तू निदर्शनाचे साधन केली. साधी गृहिणी ज्यात घाबरल्याशिवाय सामील होऊ शकते, असा विरोध त्यांनी घडवला. आणीबाणीनंतर मार्च १९७७ मध्ये या दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून चालत मुंबईला आला. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेतकरी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून पहाटे आझाद मैदानावर पोचले. फुटलेल्या टाचांची ती माणसे पाहून मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारने लेखी आश्वासने दिली. ती पुरेशी पाळली गेली नाहीत म्हणून २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये शेतकऱ्यांना पुन्हा चालावे लागले. आश्वासन लेखी नसते तर कशासाठी चालायचे, हेही सांगता आले नसते.

याउलट बंद. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदविरुद्ध काही नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये न्यायालयाने शिवसेना व भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. हातावर पोट असलेल्या माणसाचा दिवस बुडवणारा विरोध त्याच माणसाला नेत्याच्या बाजूला ढकलतो. मोर्चासाठी पोलिसांना आगाऊ कळवणे, जमावबंदीचा आदेश आहे का ते पाहणे, स्वतःचे स्वयंसेवक नेमणे आणि सगळे चित्रित करून ठेवणे, ही कामे घोषणांइतकीच आवश्यक आहेत.

टीका करताना कायदा कुठे आडवा येतो, हेही माहीत असायला हवे. सरकारवर कठोर टीका करणे म्हणजे राजद्रोह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यातच सांगितले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरामुळे अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क पुन्हा स्पष्ट केला. बदनामी हा मात्र अजूनही फौजदारी गुन्हा आहे. खरे असणे पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितले होते हेही दाखवावे लागते. निर्णयावर, खर्चावर आणि जाहीर वर्तनावर लिहावे. घरातल्या माणसांवर, जातीवर, शरीरावर लिहू नये. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी असे लिखाण नेत्याच्याच पथ्यावर पडते, कारण मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि त्याला सहानुभूती मिळते.

धोका केवळ खटल्यांचा नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही, ही संसदेची आणि सरकारांची लाजिरवाणी कसूर आहे. एकट्याने जोखीम घेण्यापेक्षा दहा जणांनी दहा अर्ज करावेत, मिळालेली कागदपत्रे लगेच अनेकांकडे ठेवावीत आणि स्थानिक पत्रकाराला सुरुवातीपासून सोबत घ्यावे. माहिती एकाच माणसाजवळ असते तोवरच त्या माणसाला धोका मोठा असतो.

शेवटी गाडे निवडणुकीवर येते, आणि तिथली बरीच कामे मतदानाच्या दिवसाआधीची आहेत. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला आणि तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात सांगावे लागते. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर खुली असतात. एकाच नेत्याची लागोपाठच्या निवडणुकांतली दोन प्रतिज्ञापत्रे समोरासमोर ठेवली तर पाच वर्षांत मालमत्ता कशी वाढली ते दिसते. भाषणांपेक्षा हा तक्ता मतदारांना जास्त पटतो. खोट्या माहितीला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विधिमंडळातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न हेही मिळवता येतात. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ आमदार-नगरसेवकांची अशी प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करते. तालुक्याच्या गावी दोन-चार शिक्षक आणि वकील मिळून ते काम करू शकतात.

प्रचारात पैसे किंवा भेटवस्तू वाटल्या जात असतील तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ सुविधेवर जागेवरून छायाचित्र पाठवता येते आणि १०० मिनिटांत कारवाईचे उद्दिष्ट असते. असे पुरावे पुढे निवडणूक याचिकेत लागतात. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत ही याचिका त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात करू शकतो. रायबरेलीत इंदिरा गांधी लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या होत्या, तरी सरकारी यंत्रणेच्या वापराच्या मुद्द्यावर राजनारायण यांच्या याचिकेवरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी त्यांची निवड रद्द केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण १९७७ मध्ये त्याच मतदारसंघात राजनारायण यांनी त्यांचा पराभव केला.

मतदान केंद्रावर बसणारा प्रतिनिधी हा विरोधाचा सर्वांत दुर्लक्षित शिपाई आहे. किती मते नोंदली गेली याची नमुना १७ सी ची सहीची प्रत त्याला मिळण्याचा हक्क आहे, आणि मोजणीच्या दिवशी आकडे ताडायला तीच लागते. अशा आकड्यांचे मोल चिलीमध्ये दिसले. तिथे ५ ऑक्टोबर १९८८ रोजी हुकूमशहा पिनोशे यांनी आणखी आठ वर्षे राहावे का, यावर कौल घेतला गेला. विरोधकांनी आधी लाखो लोकांची मतदार नोंदणी करून घेतली, टीव्हीवर मिळालेल्या रोजच्या १५ मिनिटांत सूडाऐवजी चांगल्या दिवसांची भाषा वापरली आणि केंद्राकेंद्रांवर माणसे बसवून स्वतःची समांतर मोजणी केली. सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटले आणि समांतर आकडे तयार असल्याने निकाल दडपता आला नाही.

विरोधाला पर्यायही द्यावा लागतो. २००७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी आपसात ठरवून अडॉल्फ डिसोझा यांना नागरिकांचा उमेदवार म्हणून उभे केले आणि प्रमुख पक्षांच्या उमेदवारांना हरवून निवडून आणले. जिथे विरोधी मते चार ठिकाणी फुटतात तिथे नावडता नेता तीस टक्क्यांतही जिंकतो, म्हणून उमेदवार एकच ठरवण्याची बोलणी अर्ज भरण्याच्या खूप आधी व्हायला हवीत.

हे सारे ज्यावर उभे असते ती मतदार यादी. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना वयाची १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यांना नाव नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, चुकीच्या किंवा मृत व्यक्तीच्या नावावर आक्षेपासाठी नमुना ७, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. हे अर्ज केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा ऑनलाइन भरता येतात. निवडणूक जाहीर होऊन उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घेता येत नाही. वाचकांनी आपले, घरातल्यांचे आणि नुकतेच अठरा वर्षांचे झालेल्या शेजारच्या मुलामुलींचे नाव यादीत आहे का, हे याच आठवड्यात पाहून घ्यावे.